मागे ताजमहाल आला पाहिजे

प्रवासाला गेलेला माणूस स्मारक पाहत नाही, नुसते फोटो काढत सुटतो, अशी एक तक्रार हल्ली फार गंभीर चेहऱ्याने केली जाते. ऐकणाऱ्याला वाटावं, कॅमेरा निघण्याआधी लोक वेरूळला जाऊन कैलास लेण्यासमोर तासन्‌तास डोळे भरून उभे राहत, मुक्कामी परतल्यावर राष्ट्रकूटांच्या शिल्पशैलीवर चर्चा करत आणि मगच पिठलं-भाकरीला हात लावत. या समजुतीला पुरावा काही नाही. कॅमेऱ्याआधीचा पर्यटकसुद्धा पोचल्याबरोबर आधी सावली शोधे, मग डबा उघडे, पोरांना कठड्यापासून मागे ओढे, गाईड सांगेल त्याला ‘अस्सं!’ म्हणे आणि परतीची गाडी कितीची आहे ते पुन्हा एकदा विचारून घेई. स्मारक नीट बघायला तेव्हाही कुणाला सवड नव्हती. म्हणून माझं म्हणणं असं की, कॅमेऱ्याने पर्यटकाचं पाहणं बिहणं काही हिरावून घेतलेलं नाही. उलट पर्यटकाच्या एका फार जुन्या खोडीला त्याने बरंच सभ्य वळण लावलं आहे. ती खोड म्हणजे हजेरी लावणं. आपण इथे येऊन गेलो हे आपल्या मनाला ठाऊक असून भागत नाही. त्याची कुठे तरी नोंद झाली पाहिजे, आणि शक्यतो ती शेजारच्यांच्या नजरेला पडली पाहिजे.

ही खोड किती जुनी, ते इजिप्तमध्ये पाहावं. अबू सिंबेलला दुसऱ्या रामसेसचे जे प्रचंड पुतळे आहेत, त्यांतल्या एकाच्या पायावर इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात तिकडे गेलेल्या ग्रीक भाडोत्री सैनिकांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. लक्सरजवळच्या मेम्नॉनच्या पुतळ्यांची तर याहून मजा. त्यांतला एक पहाटे आवाज काढतो अशी ख्याती असल्यामुळे रोमन काळात तिथे बड्या पाहुण्यांची रीघ लागे, आणि येणारा जो तो ‘मी ऐकला’ असं त्या पुतळ्याच्या पायावर लिहून जाई. इसवी सन १३० मध्ये सम्राट हेड्रियन लवाजम्यासह आला, तेव्हा सोबतच्या ज्युलिया बालबिल्ला या कवयित्रीने त्या पायावर चक्क कविता कोरवल्या. आता राजदरबारातली, शिकलीसवरलेली बाई. तिची ही तऱ्हा, तर रायगडाच्या चिऱ्यावर बदामात बाण घुसवून दोन नावं लिहिणाऱ्या पोराला आपण कुठल्या तोंडाने नावं ठेवायची? फरक एवढाच की बालबिल्लाच्या कवितांवर पुढे विद्वानांनी प्रबंध लिहिले. बदामवाल्याच्या नशिबी अजून दोन हजार वर्षं थांबणं आहे.

आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अजिंठ्याला आहे. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघुर नदीच्या घळीत आला आणि शेकडो वर्षं जगाच्या विस्मृतीत गेलेली लेणी त्याच्या दृष्टीस पडली. दहा नंबरच्या लेण्यात तो शिरला. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची भिंतचित्रं समोर, बघायला दुसरं माणूस नाही, मागे रांग नाही, ‘चला, पुढे चला’ म्हणणारा पहारेकरी नाही. शांतपणे पाहायला याहून चांगली संधी कुणाला मिळणार? स्मिथसाहेबांनी काय केलं, तर एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरवडली. ते नाव आज साधारण उंचीच्या माणसाच्या नजरेच्या बरंच वर दिसतं. साहेब काही ताडमाड नव्हते. लेण्यात तेव्हा पाचेक फूट दगडमाती साचली होती, तिच्यावर ते उभे होते. पुढे माती उपसली गेली आणि सही वर राहिली. बिचाऱ्याच्या खिशात फोन असता तर त्याने बोधिसत्त्वाशेजारी आपला चेहरा आणून एक सेल्फी घेतली असती, घरच्यांना पाठवली असती आणि चित्र शाबूत राहिलं असतं. आज हाच उद्योग केला तर पुरातन स्मारकांचा १९५८ चा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेल्फीला यातलं काही लागत नाही. एवढ्यावरूनही हजेरीच्या साधनांत सोज्वळ कुठलं, ते ठरायला हरकत नसावी.

यावर जाणकार म्हणतील, नाव कोरणारे गावंढळ सोडा, पण पूर्वीचे रसिक चित्रवही घेऊन बसत, एकेका मूर्तीपाशी दिवस घालवत, हाताने रेखाटत. ते खरं पाहणं. मुद्दा वजनदार आहे, त्यामुळे अजिंठा सोडून लगेच निघता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मद्रासच्या फौजेतला रॉबर्ट गिल तिथे मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं भिंतचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवत बसला. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा त्याच कामाला लागले. त्याही प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याचशा खाक झाल्या. लंडनची हवा अजिंठ्याला मानवत नाही, हे पहिल्याच आगीत लक्षात यायला हवं होतं. पण जळाल्या त्या प्रती. मूळ चित्रांचं काय झालं? रंग उठून दिसावेत म्हणून नक्कल करणाऱ्यांनी त्यांच्यावर व्हार्निश फासलं. ते कालांतराने पिवळं पडलं, तडकलं, आणि पुढच्या पिढ्यांना ते निस्तरत बसावं लागलं. म्हणजे जो मन लावून पाहणारा, त्याच्याच हातून चित्राला सगळ्यांत जास्त त्रास. खुद्द गिलने पुढे कॅमेरा हाती घेतला आणि अजिंठा-वेरूळचे फोटो काढले. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात ते छापूनही आले. कुंचला खाली ठेवून कॅमेरा उचलणारा पहिला शहाणा म्हणून त्याचं नाव घ्यायला हवं. गिल आणि ग्रिफिथ्सच्या पोरांनी चित्रं खरोखर पाहिली, यात शंका नाही. पण त्यांचं ते कामच होतं. दोन रात्री-तीन दिवसांच्या सहलीत शिर्डी, शनिशिंगणापूर, वेरूळ आणि पैठणी खरेदी बसवणाऱ्या कुटुंबाने त्यांच्याशी बरोबरी करावी, ही अपेक्षा जरा जास्त होते.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो, म्हणून तो अदबीने ऐकला पाहिजे. लिंडा हेन्केल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवून त्यांनी काही वस्तू नुसत्या पाहायला लावल्या आणि काहींचे फोटो काढायला लावले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. झालं! तेव्हापासून कॅमेरा पाहिला की लोक या अभ्यासाचा दाखला तोंडावर मारतात. पण अभ्यासाचा दुसरा भाग ते सांगत नाहीत. ज्यांना वस्तूच्या एखाद्याच भागाचा जवळून फोटो घ्यायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. फोटोच्या चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना आठवत होता. तेव्हा दोष द्यायचाच तर तो फोटो काढण्याला नको, लांब उभं राहून अख्खं स्मारक एका दमात गिळण्याला द्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं घ्या. स्टीव्हन्सने बांधलेली १८८७ ची ही इमारत. समोरच्या पदपथावरून घेतलेल्या फोटोत घुमट येतो, घड्याळ येतं, मध्ये एक बेस्टची बस येते, आणि सगळ्या मुंबईकरांना पाठ असलेलं चित्र तयार होतं. पण फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसवला आहे. सिंह साहेबाच्या देशाचा, वाघ आपला. दोघंही अशा थाटात बसलेत की आठ-बारा पकडायला धावणाऱ्या माणसाचं तिकीट आता हेच तपासणार. भिंतींवरच्या दगडी पानाफुलांत जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी मोर, माकडं, पाखरं दडवून ठेवली आहेत. या स्टेशनातून वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांनी ती माकडं पाहिली असतील? रोजच्या प्रवाशाची नजर इंडिकेटरवर. ती माकडं जर कुणी शोधत असेल, तर तो गळ्यात कॅमेरा अडकवलेला परगावचा माणूस.

आणि एक साधी गोष्ट टीकाकारांच्या ध्यानात कशी येत नाही, कळत नाही. स्मारकापुढे कुटुंब ओळीने उभं राहतं तेव्हा सगळ्यांच्या पाठी स्मारकाकडे असतात, हे खरं. पण समोर जो फोन धरून उभा असतो, त्याचं तोंड कुठे असतं? त्याला कळसाचं टोक कापून चालत नाही, मिनार वाकडा दिसून चालत नाही, आत्याच्या डोक्यातून खांब उगवलेला चालत नाही, लाल टी-शर्टवाला परका गृहस्थ कडेने निघून जाईपर्यंत दम धरावा लागतो. एवढा वेळ तो स्मारकाकडेच बघत असतो. अख्ख्या घरात नक्षी डावीकडे संपते की उजवीकडे, हे सांगू शकेल असा तो एकच. ‘काका, आमचा एक काढता का?’ म्हणून वाटेने जाणाऱ्याच्या हातात फोन दिला की त्याच्यावरही तीच वेळ येते. तो निरुपायाने का होईना, गोपुराकडे नीट पाहतो. कॅमेरा नसता तर घरटी एक माणूससुद्धा त्या दिशेला तोंड करून दोन मिनिटं उभा राहिला नसता.

कॅमेऱ्याची खरी अडचण कानाशी आहे. २०१७ साली अलिक्झांड्रा बाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनात असं आढळलं की फोटो काढत फिरणाऱ्यांच्या डोळ्यांना दिसलेलं जास्त लक्षात राहतं, पण कानावर पडलेलं कमी. याची शहानिशा करायला विजापूरसारखी जागा नाही. १६५६ च्या सुमारास पुरा झालेला, महंमद आदिलशहाच्या कबरीवरचा तो गोल घुमट. आतून व्यास जवळजवळ ३८ मीटर, मध्ये एकही खांब नाही. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं तर पलीकडच्या टोकाला ऐकू जातं, एक टाळी वाजवली तर पुन्हापुन्हा घुमून येते. फोटोत यातलं काही उतरत नाही. फोटोत दिसते ती रंग उडालेली एक गोल भिंत आणि तिला कान लावून उभे असलेले काही प्रौढ इसम. म्हणून तिथे लोक फोन खिशात घालतात. घालून काय करतात? ओरडतात. आणि काय ओरडतात, याकडे लक्ष द्यावं. कुणी आदिलशहाचा जयजयकार करत नाही की वास्तुकलेची स्तुती करत नाही. जो तो आपलं नाव ओरडतो, नाही तर बरोबरच्याचं. ज्यांना एवढंही सुचत नाही ते शिट्टी मारतात. बोधिसत्त्वावर नाव खरवडणारा, पुतळ्याच्या पायावर कविता कोरवणारी आणि घुमटात ‘पिंट्याऽऽ’ म्हणून आरोळी ठोकणारा, हे सगळे हजेरीपटावरचेच. दगडाला सर्वांत कमी इजा पिंट्याच्या मित्राची, पण इतर पर्यटकांच्या कानांचा हिशेब धरला तर मी तरी फोटोलाच मत देईन.

तेच तेच फोटो कशाला, असाही एक नाराजीचा सूर असतो. ताजमहालाचं टोक चिमटीत धरलेला फोटो जगात आधीच इतका झाला आहे की त्या घुमटाला वळ उठायला हवे होते. फेब्रुवारी १९९२ मध्ये इंग्लंडची युवराज्ञी डायना ज्या संगमरवरी बाकावर एकटी बसली, त्या बाकावर बसायला आजही गर्दी. ती बिचारी संसाराला कंटाळून बसली होती आणि आपल्याकडची जोडपी हनिमूनला येऊन तिथेच बसतात. पिसाचा मनोरा तळहातांनी सावरून धरणारे तर रोज हजारोंनी. त्या मनोऱ्याचा कल खरोखरच वाढत चालला म्हणून १९९० साली तो लोकांना बंद केला, उचललेल्या बाजूखालची माती हळूहळू काढून त्याला जवळजवळ अर्ध्या अंशाने सरळ केलं आणि २००१ च्या अखेरीस पुन्हा उघडला. अभियंत्यांनी श्रेय मातीला दिलं, हात लावून उभ्या असलेल्यांचा उल्लेखही केला नाही. पण एकसारखेपणा हा गुन्हा कधीपासून झाला? देवळात प्रदक्षिणा सगळे एकाच बाजूने घालतात, त्यात कुणी नावीन्य शोधत नाही. पोस्टकार्ड विकत का घेत नाही, असं विचारणाऱ्यांना उत्तर सोपं आहे. पोस्टकार्डावर ताजमहाल फार सुंदर असतो, पण त्यात मावशी नसते. फोटो मावशीचा आहे. ताजमहाल तिच्यामागे साक्षीला उभा आहे. केवडियाला हा हिशेब जरा बिघडतो. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी घडवलेला सरदार पटेलांचा तो पुतळा १८२ मीटर उंच. मावशी घेतली तर सरदारांच्या घोट्यापर्यंत फोटो संपतो, सरदार घेतले तर मावशी मुंगीएवढी होते. मग घरातला सर्वांत धाकटा पुरुष फरशीवर उताणा झोपून दोघांना एका चौकटीत आणायचा प्रयत्न करतो. एखाद्या पुतळ्यापुढे इतके लोक साष्टांग पडल्याचं, तेही उलटे, दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढताना जीव जातात, फ्लॅशमुळे रंगांना इजा होण्याची भीती असते, हे आक्षेप मात्र खरे आहेत आणि त्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे ती योग्य आहे. ताजमहालाच्या आत कबरीच्या दालनात कॅमेरा चालत नाही, तेही योग्य. कठडा घातला असेल तर त्याच्या अलीकडे राहावं. यासाठी कलासमीक्षेची गरज नाही, पहारेकऱ्याची शिट्टी पुरते.

‘आय लव्ह अमुकनगर’ ही अक्षरं हल्ली दर तालुक्याच्या चौकात उगवू लागली आहेत, त्यांच्यापुढे मात्र माझी वकिली लंगडी पडते. मधल्या लाल बदामात दिवे, त्यांतले अर्धे गेलेले. एका अक्षरावर कुणाचा तरी शर्ट वाळत घातलेला. आणि मागे बघण्यासारखं काही नाही, एसटी स्टँडाची मुतारी सोडून. ॲमस्टरडॅमने अशीच आपल्या नावाची मोठाली अक्षरं त्यांच्या थोर चित्रसंग्रहालयासमोर मांडली होती. लोक आत रेम्ब्रां बघायला जाण्याऐवजी बाहेर अक्षरांवर चढू लागले, शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये नगरपालिकेने ती तिथून उचलली. इथे टीकाकारांनी मला गाठलं, असं म्हणता येईल. तरी एक प्रामाणिकपणा त्या अक्षरांत आहेच. हजेरी लावायला माणूस येणार, हे ओळखून त्यांनी नुसता हजेरीपटच मांडला आहे, वर्ग भरवायच्या भानगडीत पडलेली नाहीत.

आणि तसं पाहिलं तर मोठमोठी स्मारकं तरी दुसरं काय करतात? गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवर काय लिहिलं आहे ते मान वर करून वाचावं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथे उतरले, त्याची ही आठवण. म्हणजे ‘आम्ही इथे येऊन गेलो’ एवढंच. फक्त ते लिहायला २६ मीटर उंचीचा बेसाल्ट लागला. राजेसाहेब उतरले तेव्हा खरी कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहून त्यांना पुढे जावं लागलं. पायाचा दगड १९१३ चा, आराखडा जॉर्ज विटेटचा आणि उद्घाटन १९२४ चं. तेवढ्या वर्षांत राजेसाहेब काही बघायला परतले नाहीत. ज्याच्या हजेरीसाठी कमान बांधली, त्यानेच ती कधी पाहिली नाही. कॅमेऱ्याला दोष देणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. आज त्याच कमानीपाशी गळ्यात कॅमेरा आणि झोळीत छोटा प्रिंटर घेतलेले फोटोवाले हिंडतात. ‘गेटवे बी येईल, ताज हॉटेल बी येईल, दोन मिन्टात कॉपी!’ नांदेडहून आलेल्या जोडप्याला ते कुठे उभं राहायचं, हनुवटी किती उचलायची, हात कुठल्या कोनात धरला की कमान तळहातावर येते, हे इतक्या अधिकाराने सांगतात की खुद्द विटेटने सांगितलं नसतं. मोबाइल आल्यापासून त्यांचा धंदा बसला, तरी त्यांच्या प्रिंटरमधून दोन मिनिटांत ओलसर कागदावर निघणारं जोडपं राजाराणीहून नशीबवान. त्यांच्यामागे कमान खरी आहे.

राजेसाहेबांच्या वडिलांची कथा तिथून पंधरा मिनिटांच्या अंतरावर. सातवा एडवर्ड युवराज असताना मुंबईला येऊन गेला, म्हणून अल्बर्ट ससूनने त्याचा घोड्यावरचा पुतळा शिल्पकार बोमकडून घडवून घेऊन १८७९ साली शहराला दिला. लोकांनी स्वार बाजूला ठेवला आणि चौकाला नाव दिलं काळा घोडा. १९६५ मध्ये पुतळा हलवला गेला. पुढची पन्नासहून अधिक वर्षं तिथे घोडाही नव्हता, तरी पत्ता तोच राहिला. २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. मुंबईकरांच्या मनात तो तसाच होता म्हणायचा. दरवर्षी तिथल्या कलामहोत्सवाला येणारी पोरं-पोरी त्या रिकाम्या पाठीच्या घोड्यापुढे सेल्फी काढतात आणि कुणीही ‘यावर पूर्वी कोण बसायचं?’ असं विचारत नाही. मूळ पुतळा, स्वारासकट, भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. सुट्टीच्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नसते, हातोहाती फोन वर झालेले असतात, मुलांना खांद्यावर घेतलेलं असतं. सगळे पेंग्विनच्या रांगेत.